वाटणारीचा वाटा

मोठ्याई,

तुला एक शब्द सांगायचा आहे. इंग्रजी आहे, म्हणजे तू आधी नाक मुरडशील आणि मग 'सांग, सांग' म्हणत जवळ सरकशील, हे मला ठाऊक आहे. पण शब्दाच्या आधी थोडं घरचं सांगते, नाहीतर तुला वाटेल पोरगी म्हातारपणी चळली. पोरगी म्हणते आहे खरी, पण तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तू गेलीस त्या वयाला मी कधीच मागे टाकलंय. आरशात पाहिलं की तुझ्यापेक्षा थोरली बाई दिसते, आणि तिच्याकडून ऐकून घ्यायला तुला आवडलं नसतं, याची मला गंमत वाटते.

सायखेड्याच्या मळ्यातलं आपलं स्वयंपाकघर अजून जसंच्या तसं डोळ्यांपुढे येतं. आई दिवसभर शेतात आणि तू चुलीपाशी, अशी तुम्ही दोघी जावांनी कामं वाटून घेतलेली. थोरले काका लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेले, तुला मूल नव्हतं, तरी माहेरी न जाता तू इथेच राहिलीस. राहिलीस तीही अशी की घरच्या कर्त्या पुरुषाला, आप्पांना, तुझ्या हातचं पानात पडेपर्यंत गप्प बसावं लागायचं. आम्ही तिघं भावंडं, दादा, मी आणि धाकटा, वर गडीमाणसं, शिवाय आल्यागेल्याचं एखादं पान ठरलेलं. कोणाला किती आणि कशातलं हे तू ठरवायचीस, आणि पातेल्यात डोकावणाऱ्याच्या हातावर पळीचा फटका बसायचा. आम्ही पाठीमागे तुला जखीण म्हणायचो. बाई मेल्यावरही जिचा जीव घरादारात अडकून राहतो आणि जी येणाऱ्याजाणाऱ्याला धरते ती जखीण, एवढं आम्हाला माहीत होतं. शेजारच्या बाया तुला तसं म्हणायच्या म्हणून आम्हीही म्हणायचो. तुझ्या कानावर ते आलंच असणार. पोरांना कशाला बोलायचं, असं म्हणून तू सोडून दिलं असशील.

आखाडातलं मटण आठवतं का? शिजलेलं मटण तू कधी पातेल्यातून सरळ पानात वाढलं नाहीस. आधी जर्मनच्या ताटल्या ओळीने मांडायच्या, प्रत्येकीत वाटा घालायचा, आणि रस्सा मागून. नळीचं हाड एखाददुसरं असायचं आणि आमचे सगळ्यांचे डोळे त्याच्यावर. एकदा नळी लागोपाठ दादाला गेली आणि मी थयथयाट केला. तू ओरडली नाहीस. पळी माझ्या हातात दिलीस आणि म्हणालीस, "घे. आज वाटे तू घाल. पर ध्यानात ठिव, जो वाटे घालतो त्यानं समद्यांच्या मागून उचलायचं. आन् पयला मान धाकल्याचा." ही रीत खरं म्हणजे शेतीच्या वाटणीची. थोरल्याने वाटे घालायचे, धाकट्याने आधी उचलायचं, म्हणजे घालणाऱ्याची लबाडी त्याच्याच अंगाशी येते. तू ती चुलीपाशी आणलीस. मला वाटलं मी फार हुशार. मी नळी एका ताटलीत तळाशी दडवली, वर दोन मानेची हाडं ठेवली, म्हणजे त्या ताटलीला कोणी हात लावणार नाही. धाकटा आला, ओळीपुढे उकिडवा बसला, बराच वेळ माझ्या तोंडाकडे पाहत राहिला आणि नेमकी तीच ताटली उचलून चालता झाला. मी भोकाड पसरलं. तू चुलीतलं लाकूड मागे ओढत म्हणालीस, "रडती कशापायी? वाटे तूच घातले ना? म्होरल्या बारीला सारखे घालशील." पुढच्या वेळी मी इतके सारखे घातले की तू ओळीवरून नजर फिरवलीस आणि काहीच बोलली नाहीस. तुझ्याकडून याहून मोठी शाबासकी कधी कोणाला मिळाल्याचं मला आठवत नाही.

आता मी गंगापूर रोडला मुलींची मेस चालवते. यांची कंपनी बंद पडली तेव्हा दोन डब्यांपासून सुरू केली आणि मग वाढतच गेली. वाढणं हेच काम झालं. पोळ्या कोणाला किती, भाजी कोणाला दुसऱ्यांदा, हे मी न मोजता सांगते, आणि पातेल्यात डोकावलेलं मलाही खपत नाही. पोरी मला काकू म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात ते मी विचारत नाही.

घरचं म्हणाले ते हे, की दादा आणि धाकटा दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. भांडण कशावरून म्हणशील तर मोठं काही नाही. वेगळं व्हायचं दोघांनाही होतं. रीतीप्रमाणे दादाने वाटे घातले, आणि धाकट्याने उचलायला नकार दिला. त्याचं म्हणणं, दादाने आपणहून वाटे घातले म्हणजे त्यात काहीतरी डाव असणार. दादा म्हणाला, मग तू घाल, मी उचलतो. तर धाकट्याला त्यातही डाव दिसला. बोलणी बंद झाली. एकाच विहिरीवर दोघं पाणी धरायचे, पण पाळी बदलताना गड्याच्या तोंडून निरोप. द्राक्षबागेचे हाल काय सांगू तुला. मागच्या हंगामात छाटणी अर्धीमुर्धी झाली, फवारणीच्या वेळी हा म्हणाला त्याने करावी, तो म्हणाला याने करावी, आणि माल डागी निघाला. यंदाही ऑक्टोबरची छाटणी अशीच गेली असती तर बाग तोडावी लागली असती. आप्पांनी आणि आईने हाताने खड्डे घेऊन लावलेली बाग.

भाद्रपद संपता संपता दोघंही मेसवर आले. दादा सकाळी, धाकटा दुपारी. दोघांचं म्हणणं एकच. दादा म्हणाला, "बाई, तूच घाल वाटे. तुझ्यावर दोघांचाबी इस्वास हाय." धाकटा जेवता जेवता म्हणाला, "ताई, दादाचं मला खरं वाटत नाय, तुझं वाटतं." माझा स्वतःचा वाटा हा विषय दोघांनीही काढला नाही. वाईट मनाने नव्हे. आपल्याकडे बहिणीने सही करून द्यायची, साडी घ्यायची, जेवायचं आणि परत यायचं, असंच चालत आलंय. मीही विषय काढला नाही. मी म्हणाले, बघते. आणि मग चार दिवस मला काही सुचेना, कारण यात चूक झाली तर दोघंही भाऊ जायचे. आई-आप्पा नाहीत, तू नाहीस. माहेर म्हणायला तेवढे दोघंच उरलेत.

आता तो शब्द. मेसला सुरगाण्याकडची एक मुलगी आहे, इंग्रजीत एमए करते. दुपारी तिला खोलीवर उकडतं म्हणून माझ्या ओट्याशी येऊन बसते, आणि बसलीच आहेस तर मेथी निवड म्हणून मी तिच्यापुढे जुडी टाकते. त्या दिवशी तिने विचारलं, "काकू, डीमन म्हणजे काय?" मी म्हणाले, "शिंगं असलेलं भूत. टीव्हीवर असतं." ती हसली. म्हणाली, आत्ता तसंच आहे, पण मुळात तसं नव्हतं. शब्द जुन्या ग्रीक लोकांचा, दाइमोन. त्यांच्यात हे दाइमोन म्हणजे देव आणि माणूस यांच्या मधले कोणी. भले, बुरे, दोन्ही. प्रत्येक माणसाच्या पाठीशी एकेक असायचा अशी समजूत. आणि त्या शब्दाच्या मुळाशी अर्थ आहे तो वाटून देणं. ज्याच्या-त्याच्या नशिबाचा वाटा ज्याच्या-त्याच्या पदरात घालणारा, असं जाणकार धरतात. पुढे तिकडे नवा धर्म आला, जुने देव मोडीत निघाले, आणि हे वाटे घालणारेही त्यांच्याबरोबर भुताखेतांत जमा झाले. मग शब्द लॅटिनमधून इंग्रजीत गेला तो शिंगं घेऊनच. मी पोळी लाटायची थांबले. ती म्हणाली, "यात काय एवढं, काकू? आपल्याकडेही हेच झालं. जखीण म्हणजे पूर्वीची यक्षिणीच. ठेव्याची राखण करणारी, पुजली जाणारी. तिचीच हडळ करून टाकली."

मोठ्याई, मला इतकं हसू आलं की तव्यावरची पोळी करपली. मग मी तिला तुझं सगळं सांगितलं. जखीण म्हणायचो ते, पळी, जर्मनच्या ताटल्या, घालणाऱ्याने शेवटी उचलायचं ते. ती मन लावून ऐकत होती. सगळं ऐकून झाल्यावर तिने अगदी सहज विचारलं, "आणि त्या स्वतः कुठली ताटली उचलायच्या?"

मी आठवायला लागले. आप्पांची ताटली, आईची, दादाची, माझी, धाकट्याची, गड्यांच्या. ओळ डोळ्यांपुढे आहे. तुझी ताटली त्या ओळीत नाही. कधीच नव्हती. आम्ही उठल्यावर तू पातेल्याच्या कडेला चिकटलेलं भाकरीने पुसून घ्यायचीस आणि रश्श्यात कुस्करून खायचीस. तेही उभ्याने. वाटे घालणाऱ्याने शेवटी उचलायचं हे तू आम्हाला शिकवलंस, पण त्यासाठी शेवटी एक ताटली उरावी लागते, ती तू कधी मांडलीच नाहीस. थोरल्या काकांच्या नावची जमीन आप्पांच्या नावावर चढली, तेव्हाही तुझं नाव कोणी घेतलं नसणार. तूही घेतलं नसशील. मला त्या दुपारी तुझा राग आला. वाईट वाटलं असं मी म्हणत नाही, सरळ राग आला. तू एवढी बोलकी, एवढी खमकी, गावच्या पाटलाला दारातून परत लावणारी, आणि एवढं एक तुला सांगता येऊ नये? आणि तू सांगितलं नाहीस म्हणून मलाही सांगता येत नव्हतं, चार दिवस मी दोनच वाटे कसे घालायचे याच विचारात होते, हेही तेव्हाच लक्षात आलं. ती मुलगी घाबरली. म्हणाली, मी काही चुकीचं बोलले का? मी म्हणाले, नाही गं, मेथी निवड.

नवरात्रात पोरी सुट्टीला गेल्या तशी मी सायखेड्याला गेले. जाताना मैदानावर रेघा मारतात तसल्या पांढऱ्या फक्कीची पिशवी घेऊन गेले. दोघांनाही बोलावलं. दादा बांधाच्या या टोकाला उभा, धाकटा त्या टोकाला, मध्ये मी. मी सांगितलं, सरकारी मोजणी मागून होईल, आत्ता मी फक्कीने वाटे घालते, आणि रीत मोठ्याईची. धाकट्याने आधी उचलायचं, मग दादाने, घालणारीने शेवटी. 'घालणारीने' हा शब्द दोघांनी ऐकला, पण त्यांना तो कळला नाही, हे मला त्यांच्या तोंडावर दिसलं. मी रेघा ओढल्या. बागेची वरची बाजू आणि कांद्याची चाळ, हा एक. बागेची खालची बाजू आणि वस्तीजवळचं मोकळं रान, हा दुसरा. विहीर सामायिक. मग मी गोदावरीच्या, आपल्या गंगेच्या, अंगाला गेले आणि तिथल्या पट्टीभोवती तिसरी रेघ ओढली. रेघ वाकडी आली.

मला वाटलं, झालं. बहिणीने वाटा मागितला, आता हे दोघं माझ्याशीही बोलायचे बंद होणार. परत जाऊन फक्की पायाने पुसून टाकावी असंही एकदा मनात आलं. तेवढ्यात धाकटा चालत आला, तिसऱ्या रेघेच्या आत शिरला, टाचेने माती उकरली. खाली चिखल. ती पट्टी चिबड आहे, पावसाळा संपला तरी पाणी धरून राहते, तुला माहीतच आहे. तो माझ्याकडे बघायला लागला, लहानपणी ताटल्यांपुढे बसून बघायचा तसाच.

"ताई, हा वाटा तू तुला घातला."

"मी कोणालाच नाही घातला. उरेल तो माझा."

"हाच उरल, म्हणून तर घातला. ह्या चिबडात काय करशील? बेडकं पाळशील?"

तो म्हणत होता ते खरं होतं. तुझ्यावर एवढी चिडले, एवढं ठरवून गेले, आणि पिशवी हातात आल्यावर माझ्या हाताने आपणहून सगळ्यांत वाईट तुकडा तिसरा केला. तुझी ताटली मांडायला म्हणून गेले आणि मांडली तीही खरवडीची. कोणी सांगितलं नव्हतं. ते हातातच होतं.

धाकटा वळला आणि बांधाच्या टोकाकडे बघून म्हणाला, "दादा, हे वाटे बराबर नायत." दोन वर्षांनी तो दादाशी बोलला ते हे. दादाने मुंडी हलवली. मग हळूहळू चालत आला, रेघ बघितली, आणि धाकट्याकडे न बघता म्हणाला, "बागेतल्या वरल्या अंगाच्या काही ओळी हिला सोडल्या तर?" धाकटा म्हणाला, "वरल्या अंगाचा माल पातळ असतो. सोडायच्या तर खालच्या सोड." "खालच्या तुझ्या वाट्याला येतील ना." "कोनाच्या येतील ते अजून उचललं कुठं? दोन्हीकडच्या काढ." आणि मग ते दोघं जे भांडायला लागले, मोठ्याई, ते ऐकायला तू हवी होतीस. पाट कुठून जाईल, बैलगाडी कुठून वळेल, चिबडात चर मारला तर ऊस येईल की नुसता घास, एकाने हो म्हटलं की दुसऱ्याने नाही. दादाने माझ्या हातातली पिशवी घेतली, धाकट्याने जुनी रेघ पायाने मोडली. मला कोणी काही विचारेना. ऊन डोक्यावर आलं, मी बांधावरच्या बाभळीखाली जाऊन बसले आणि पदर तोंडावर धरून रडले. ऊन लागतंय असं त्यांना वाटलं असेल.

शेवटी ठरलं ते असं. तिसऱ्या वाट्याला बागेतल्या दोन्ही अंगांच्या मधल्या ओळी, आणि गंगेची पट्टी थोडी थोडी तिघांनाही. मग धाकट्याने उचललं, खालचं अंग. दादाने वरचं. उरला तो मी घेतला. साडी मात्र दोघांनीही आणली होती, तीही घेतली. ती कशाला सोडू?

दसऱ्यानंतर छाटणी झाली. माझ्या ओळींची छाटणी धाकट्याच्या माणसांनी केली आणि डोळे फुटावेत म्हणून काड्यांना लावतात ती पेस्ट दादाच्या माणसांनी लावली. काल धाकट्याने मोबाइलवर फोटो पाठवला. काड्यांना डोळे फुटलेत, कोवळे, तांबूस. दोघं भाऊ अजून फार गोड बोलतात असं नाही, पण पाण्याची पाळी आता गड्याच्या तोंडून जात नाही. मेसच्या मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, काकू, द्राक्षं आली की पहिला घड मला. मी म्हणाले, रांगेत उभी राहा.

तर हे सगळं तुला लिहिलं. तीन दिवस दुपारचं लिहीत होते, भांडी निथळेपर्यंत. आता हे कुठे पाठवायचं, कोणाला दाखवायचं? दादाला नाही, धाकट्याला तर नाहीच. सगळ्यांना मी सांगत असते की मला जमिनीचा लोभ नव्हता, भावांचं जुळावं म्हणून तिसरी रेघ ओढली. ऐकणारे मान डोलावतात. तसं नाही, मोठ्याई. भावांचं जुळलं हे माझं नशीब. मला ती जमीन हवी होती. सासरी आले तेव्हापासून हवी होती, आणि माझ्या ओळींत पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा लाज वाटण्याइतका आनंद झाला. हे मी अजून कोणाजवळ बोललेले नाही. तुझ्याजवळही बोलले नसते. तुला लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून लिहिलं.